टायमेक्स डेटालिंक १५० : पडद्यावर रेघा येतात, पण घड्याळ काहीच घेत नाही

किल्लीवालं_घड्याळ

टायमेक्स डेटालिंक १५०, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या लुकलुकीतून फोन नंबर, भेटीगाठी घेणारं मनगटी घड्याळ. सेल नवा आहे, इंडिग्लो (तबकडीचा दिवा) लागतो, वेळ हाताने लावता येते. मूळ सॉफ्टवेअर विंडोज ९८ च्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या नकली संगणकात) चढवलंय. ‘पाठवा’ म्हटलं की पडदा काळा होतो, पांढऱ्या आडव्या रेघा लुकलुकतात, आणि घड्याळ ‘कॉम रेडी’वर (माहिती घ्यायला तयार) ढिम्म. अंतर बदलून पाहिलं, ब्राइटनेस पूर्ण वाढवला. मॉनिटर २४ इंची एलईडी. चुकतंय कुठे? केबल लावायला घड्याळाला भोकच नाही. आणि नावं देवनागरीत भरता येतील का?

रेघारेघांचा

मॉनिटर चुकतोय, बाकी सगळं बरोबर आहे.

१९९४ साली टायमेक्स आणि मायक्रोसॉफ्टने हे काढलं तेव्हा टेबलावर सीआरटीच, म्हणजे काचेच्या नळीचा जाडजूड मॉनिटरच असायचा. सीआरटीत इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ रंगवत जातो. ६४० बाय ४८० आणि ६० हर्ट्झला एका ओळीला साधारण ३२ मायक्रोसेकंद लागतात. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ आली की झोत तिथे पोचेल त्या क्षणी एक झगमग होते आणि लगेच विझते. आपल्या डोळ्याला रेघा एकदम दिसतात. घड्याळाच्या तबकडीवरच्या त्या बारीक भिंगाला मात्र त्या एकामागून एक दिसतात, आणि रेघ आहे की नाही यावरून ते बिट वाचतं.

तुमच्या मॉनिटरमागे दिवा कायम पेटलेला. रेघ आली की ती पुढचं चित्र येईपर्यंत तशीच उजळ राहते, झगमग होतच नाही. ब्राइटनेस कितीही वाढवा, वाचायला काही नाही. व्हर्च्युअल मशीनचा यात दोष नाही, पण या पडद्यावरून पाठवायला त्याचा उपयोगही नाही.

सोल्डरची_वाफ

लॅपटॉपवाल्यांची हीच अडचण तेव्हाही होती, म्हणून टायमेक्सने ‘नोटबुक अडॅप्टर’ विकला. सिरियल पोर्टला लावायची डबी, तिच्यात एक एलईडी; पडद्याचं काम तो दिवा करतो. मूळ डबी मिळणं कठीण, पण टीन्सी एलसीसारख्या छोट्या बोर्डवर तिची नक्कल करणारं मुक्त फर्मवेअर (बोर्डात भरायचा प्रोग्राम) आहे. बोर्डावरचाच एलईडी पुरतो, सोल्डरिंग नाही.

१. फर्मवेअर बोर्डात चढवा, बोर्ड यूएसबीला लावा. संगणकाला तो सिरियल पोर्ट म्हणून दिसतो.
२. व्हर्च्युअल मशीनला तो पोर्ट कॉम १ म्हणून द्या आणि मूळ सॉफ्टवेअरमध्ये पडद्याऐवजी नोटबुक अडॅप्टर निवडा. विंडोज ९८ नको असेल तर ‘टायमेक्स डेटालिंक क्लायंट’ नावाची, रुबी या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी वापरा. १५० साठी तिच्यात प्रोटोकॉल (घड्याळाशी बोलायची पद्धत) ३ आहे, ५० आणि ७० साठी १, १५०एस साठी ४.
३. घड्याळ मोडचं बटण दाबत कॉमवर न्या, ‘कॉम रेडी’ येऊ द्या.
४. भिंग एलईडीच्या समोर दोन-तीन इंचांवर ठेवा. हातात धरू नका, पुस्तकावर टेकवा.

लायब्ररी दर बाइटनंतर २५ मिलिसेकंद थांबते आणि सुरुवातीला जुळवणीचे ३४० बाइट पाठवते. म्हणजे साडेआठ सेकंद नुसती ओळखपरेड चालते. तेवढ्यात ‘बिघडलंय’ म्हणून घड्याळ उचलू नका.

भंगारातलं_सोनं

सीआरटीची मजा वेगळीच, पण मग जुना पीसीही हवा, खराखुरा विंडोज ९५ किंवा ९८ वाला. ६४० बाय ४८०, ६० हर्ट्झ, घड्याळ पडद्यापासून वीतभर ते फूटभर. भंगारातून मॉनिटर आणलात तर मागचं झाकण उघडून ‘जरा साफ’ करायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

रेघारेघांचा

नावांबद्दल राहिलं. देवनागरी नाही. रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं, बस्स. नाव ३१ अक्षरांपर्यंत, पण प्रत्येक अक्षर ६ बिटांत कोंबलेलं असतं. ३१ अक्षरी नाव शेवटच्या खुणेसकट २४ बाइट खातं, १० अक्षरी ९ बाइट. फोन, भेटीगाठी, कामांची यादी आणि वाढदिवस सगळे एकाच मेमरीतून वाटा घेतात. तेव्हा ‘डॉक्टर अमुकतमुक दाताचे’ असं ऐसपैस लिहू नका, ‘दात’ पुरे.

नंबराला १२ घरं. ९१ लावून मोबाइल नंबर बरोब्बर बसतो. अधिकचं चिन्ह मात्र भरू नका, नंबराच्या घरात आकडे आणि घर, ऑफिस, फॅक्स वगैरेंची मोजकी अक्षरंच चालतात. गजरासोबतचा संदेश ८ अक्षरी. भेटीची पूर्वसूचना ५-५ मिनिटांच्या टप्प्याने, जास्तीत जास्त ३० मिनिटं आधी.

किल्लीवालं_घड्याळ

बोर्ड लावला. टुकटुक आवाज करत घेतंय, पण अर्ध्यावर ‘अबॉर्ट’. तीनदा तेच.

सोल्डरची_वाफ

सुरुवात पकडली म्हणजे मॉडेल बरोबर निवडलंय. माहिती पाकिटा-पाकिटाने जाते आणि प्रत्येक पाकिटाला चेकसम (चूक पकडणारी बेरीज) असतो, एक बिट हुकला तरी घड्याळ सगळं सोडून देतं. आधी ट्यूबलाइट बंद करा. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि भिंगाला तीही दिसते. मंद करता येणारा एलईडी दिवाही तसाच. मग भिंगावरचा घामाचा थर ओलसर कापडाने पुसा. तरीही अडलं तर बाइटमधली विश्रांती २५ वरून ४० मिलिसेकंद करा आणि आधी फक्त वेळ पाठवा, मग ५ नंबर, मग सगळे.

रेघारेघांचा

यादीची फाइल संगणकावर जपून ठेवा. हे घड्याळ ऐकतं पण बोलत नाही; त्यातून काहीही परत काढता येत नाही, आणि नवी यादी गेली की जुनी अख्खी पुसली जाते. एक नंबर बदलायचा तरी सगळी यादी पुन्हा पाठवावी लागते.

किल्लीवालं_घड्याळ

ट्यूबच होती. ४२ नंबर गेले, विश्रांती २५ वरच.