मदत हवी आहे: मँचेस्टर युनायटेडच्या नव्या स्टेडियमचा पैसा कुठून येणार?

नमस्कार मंडळी,

क्लबांचे हिशेब कळणाऱ्यांची आणि ज्यांच्या क्लबने मैदान बदललंय अशा चाहत्यांची मदत हवी आहे. आमच्या ग्रुपमध्ये यावरून सरळ दोन तट पडलेत आणि माझं स्वतःचं मत काही केल्या ठरत नाहीये.

मार्च २०२५ मध्ये क्लबने जाहीर केलं की सध्याच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या शेजारीच एक लाख क्षमतेचं स्टेडियम बांधणार. खर्च सुमारे २ अब्ज पाउंड. आराखडा नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीचा, तीन उंच मनोरे आणि त्यांच्यावर तोललेलं भलंमोठं छत. तयार भाग शिप कॅनॉलमधून आणून जोडायचे, त्यामुळे ५ वर्षांत काम होईल म्हणतात.

नवं मैदान नकोच, असं माझं म्हणणं नाही. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचला छताच्या कोपऱ्यातून पाण्याचे लोट खाली कोसळत होते, ते बघून जीव तुटला. मैदान १९१० चं. दक्षिणेकडच्या स्टँडला पाठीमागे रेल्वे लाइन खेटलेली, त्यामुळे त्या बाजूने वाढवणंही महाकठीण. इथवर सगळं पटतं.

घोडं अडतं ते पैशापाशी. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तोच कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसवलं. ते अजून फिटलेलं नाही. नव्या स्टेडियमची घोषणा झाली तेव्हा पैसा कसा उभा करणार, यावर ठोस काहीच सांगितलं नाही. त्याच सीझनमध्ये उरलेल्या मेंबर तिकिटांचा दर मध्येच सरसकट ६६ पाउंड केला होता, लहान मुलं आणि ज्येष्ठांनाही सवलत नाही. मग उद्याचे हप्ते कोणाच्या खिशातून जाणार, ही शंका येणारच ना?

शिवाय स्ट्रेटफर्ड एंडचा, म्हणजे गोलमागच्या आमच्या सगळ्यात गाजत्या स्टँडचा आवाज. एक लाखाच्या भांड्यात तो टिकेल का? जाणकारांनी कृपया लिहा. क्लबला पत्र लिहायचंय, त्यात नेमकं काय विचारायला हवं?

प्रतिसाद १

आर्सेनलवाला आहे, म्हणून भोगलेलं सांगतो. आमचं ६० हजारांचं स्टेडियम २००६ मध्ये उघडलं, खर्च ३९० दशलक्ष पाउंड. रोख हातात यावी म्हणून प्रायोजकांशी लांब मुदतीचे करार आधीच करून टाकले. पुढे बाजारात दर चढले, आम्ही मात्र जुन्याच रकमेला बांधलेलो. मोठे खेळाडू हातचे सुटले: फाब्रेगास गेला, नासरी गेला, व्हॅन पर्सी गेला. २००५ च्या एफए कपनंतर थेट २०१४ मध्ये करंडक दिसला. तेव्हा पहिला प्रश्न हा: कर्जाची मुदत किती, व्याज स्थिर की बदलतं, आणि तारण काय?

प्रतिसाद २

वरच्याला अनुमोदन. त्यात एक भर. स्टेडियमवरचा खर्च प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांत धरत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. हेच नियम मोडले म्हणून एव्हर्टनचे २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले. त्या प्रकरणात नव्या स्टेडियमच्या बांधकामाच्या काळातलं व्याज कुठल्या खात्यात धरायचं, हाही वादाचा मुद्दा होता.

प्रतिसाद ३

आवाजाबद्दल. आम्ही वेस्ट हॅमवाले २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकच्या मैदानात गेलो. अप्टन पार्कला थ्रो-इन घेणारा खेळाडू हात लांब केला तर लागेल इतका जवळ असायचा. इथे मध्ये ॲथलेटिक्स ट्रॅकची जागा, खेळाडू कुठल्या कुठे. मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध लोक चिडून मैदानात उतरले, त्यामागे हाही राग होता. उलट टॉटनमने २०१९ मध्ये गोलमागे साडेसतरा हजारांचा एकसंध स्टँड उभा केला. त्यामुळे एकूण क्षमतेचा आकडा सोडा. पहिली रांग रेषेपासून किती मीटरवर, आणि गोलमागे एकच सलग स्टँड आहे का, हे लेखी मागा.

धागाकर्ता

मनापासून आभार. कर्जाची मुदत, व्याज, तारण, पहिल्या रांगेचं अंतर आणि गोलमागचा स्टँड, हे पाचही मुद्दे पत्रात घेतोय. सध्याच्या सीझन तिकीटधारकांना त्याच दर्जाची जागा कुठल्या दराने मिळणार, हा सहावा माझा. टॉटनमचं कोणी इथे असेल तर स्थलांतराच्या वेळी जागावाटप कसं केलं होतं ते सांगाल का? पत्र या आठवड्यात पाठवायचंय.