जॉनी लिव्हर: बेळगावच्या पोरांनी धडा स्टेजचा घ्यावा की सिनेमाचा?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)
बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात गॅदरिंगला आणि गणपती मंडळांत स्टँडअप करणारी पोरं आता बरीच दिसतात. बेत बहुतेकांचा एकच: थोडी वर्षं स्टेज, मग सिनेमा. दाखला जॉनी लिव्हरचा. धारावीत वाढलेला, शाळा सातवीत सुटलेला, नटांच्या नकला करत रस्त्यावर पेनं विकणारा मुलगा. मग हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार. कंपनीच्या कार्यक्रमात साहेबांच्या नकला केल्या आणि 'लिव्हर' कायमचं चिकटलं. पुढे कल्याणजी-आनंदजींचे शो, १९८२ ला 'दर्द का रिश्ता', १९९३ ला 'बाजीगर', मग 'दीवाना मस्ताना' आणि 'दुल्हे राजा'साठी फिल्मफेअर.

माझं मत: यात शिकण्यासारखा भाग स्टेजचा. सिनेमानं नाव दिलं, पण बहुतेक वेळा तीन तासांत दहा-पंधरा मिनिटं, आणि तीही कात्री लावली तर गोष्टीचं काही बिघडू नये अशी. इथल्या पोरानं आधी तासाभराचा स्वतःचा कार्यक्रम उभा करावा.

खडेबाजार_बोलतोय
तासाभराचा कार्यक्रम बघायला येणार कोण, ते सांगा की! अनोळखी पोराच्या नावावर लोकमान्य रंगमंदिराची तिकिटं खपत नाहीत. तोंड ओळखीचं झालं की स्टेजचं मानधन वाढतं, उलटं होत नाही. त्या दहा मिनिटांना नावं ठेवताय, पण 'बाजीगर'मधला विसरभोळा बाबूलाल गोष्ट विसरलेल्यांनाही आठवतो.

निपाणीकर
दोघेही गृहीत धरताय की स्टेज ही सिनेमाची पहिली पायरी. कामं वेगळी आहेत हो. स्टेजवर हशा आला की थांबायचं, तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर सभागृह थंड पडतं, लवकर बोललात तर वाक्य हशात बुडतं. सेटवर कुणी हसत नाही, टेक खराब होतो म्हणून. किती थांबायचं ते शेवटी संकलक ठरवतो. स्टँडअपवाला सवयीनं वाक्यानंतर थांबतो, आणि समोरच्या नटाचा ताल तुटतो.

दुसरी खोड नजरेची. स्टेजवर नजर सगळीकडे फिरवायची, कॅमेऱ्यापुढे समोरच्या पात्रावर ठेवायची. तिसरी कंटिन्युइटी: पहिल्या टेकला कप उजव्या हातात 'काय सांगताय' या शब्दावर उचलला, तर प्रत्येक टेकला तोच हात, तोच शब्द. रोज नवी भर घालणाऱ्याला हे जाचतं. आणि भुवया! मागच्या रांगेसाठी उडवलेली भुवई क्लोजअपमध्ये आरडाओरडा वाटते.

शहापूर_पेठ
निपाणीकरांशी सहमत, पण इथं आधी पाच मिनिटांची बोंब आहे. ऐकलेले चुटके जोडून पाच मिनिटं होत नाहीत. एक विषय घ्या, त्यावर पंधरा-वीस विनोद लिहा, त्यातले पाच-सहा टिकतील. मोबाइलवर रेकॉर्ड करून हशा कुठं आला ते कागदावर खुणा करून बघा. तीन वेगळ्या ठिकाणी पडलेलं वाक्य काढून टाका.

हशाचा शब्द शेवटी हवा. 'सोसायटीच्या कर्जाला माझ्या सासऱ्यांनी जामीनदार म्हणून सही केली होती' यात सासरा मध्येच सांडतो, मागं उरलेल्या शब्दांवर कोण हसणार? 'सोसायटीचं कर्ज काढलं. जामीनदार कोण? सासरा.' इथं हशाला जागा मिळते.

आणि जागा बघून या. पत्र्याच्या मंगल कार्यालयात आवाज घुमतो, तिथं वेग कमी करा, वाक्यं आखूड ठेवा. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं. जाळी मुठीत धरली किंवा स्पीकरच्या पुढं गेलात की शिट्टी वाजणारच. पहिल्या रांगेतले सोफे पाहुण्यांसाठी रिकामे ठेवतात, ते आयोजकांना सांगून भरून घ्या. मध्ये मोकळी जागा राहिली की हसू पसरत नाही. उघड्यावर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, म्हणून सत्कार आणि भाषणांनंतरची वेळ घेऊ नका. भाषण लांबतं, कापली जातात तुमची मिनिटं.

टिळकवाडीकर
म्हणजे स्टेजचीच बाजू घेतलीत की!

शहापूर_पेठ
नाही हो. नुसत्या नकलांवर तास काढणाऱ्याला मी स्टेजवालाही म्हणत नाही. ज्या नटाची नक्कल करता तो समोरच्या पोरांना माहीत नसला की सगळं मुसळ केरात.

चिकोडी_रोड
सिनेमाच का, हाच माझा प्रश्न. गंगावती प्राणेश बघा. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत, नुसत्या बोलण्यावर त्यांनी कन्नडमध्ये केवढा प्रेक्षक धरलाय. आपल्या मराठीत लक्ष्मण देशपांडे एकपात्रीत पन्नासच्या वर पात्रं उभी करायचे. बेळगावची कानडी वळणाची मराठी, तिचा तो 'की', तो हेल, हे आपलं भांडवल. पुण्या-मुंबईच्या मालिकेत त्या हेलाला काम काय मिळतं? वॉचमन, नाहीतर हॉटेलचा अण्णा.

खडेबाजार_बोलतोय
मग दादा कोंडक्यांचं काय? १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'त रोजची हजरजबाबी भर, आणि १९७१ ला 'सोंगाड्या'त थेट नायक. गावरान बोली सोडली का त्यांनी? फरक एवढाच की निर्माते स्वतः होते. दहा मिनिटांचं दुखणं माध्यमाचं नाही, मालकीचं आहे. आज मोबाइलवर स्वतःची दोन मिनिटांची रील करणारा त्या अर्थानं निर्माताच.

निपाणीकर
रील दाखवून ऑडिशन मिळेल, काम नाही. रीलमध्ये दर दोन-तीन सेकंदाला कट असतो. कास्टिंगवाल्याला एका सलग टेकमध्ये माणूस ऐकताना कसा दिसतो ते बघायचं असतं. सेल्फ टेप, म्हणजे घरीच रेकॉर्ड केलेली ऑडिशन, पाठवायची तर मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागं साधी भिंत, उजेड समोरून, छातीपर्यंतची चौकट. आधी नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचा चेहरा. समोरची वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला आणि हळू आवाजात, नाहीतर त्याचाच आवाज वर येतो. स्टँडअपची क्लिप वेगळी पाठवा. मागितली तरच.

चिकोडी_रोड
आणि मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही टेप वेगवेगळ्या करा. एका टेपमध्ये तिन्ही भाषांची मिसळ ऐकवलीत की तुम्हाला एकही धड येत नाही, असं समजतात तिकडं.

टिळकवाडीकर
हे मान्य. पण तासाचा कार्यक्रम आधी, यावर मी ठाम आहे.