फ्रेंच भाषकांना इंग्रजी ‘टाइम’ का अडतो?

प्रश्न: इंग्रजी-फ्रेंच कोशात ‘टाइम’पुढे ‘ताँ’, ‘अर’, ‘फ्वा’, ‘एपॉक’ अशी रांगच दिसते. कुठला शब्द कुठे वापरायचा?

उत्तर: मराठी माणसाला ही विभागणी परकी वाटू नये. ‘मला वेळ मिळाला नाही’ यात वेळ पुल्लिंगी आहे, म्हणजे अवधी. ‘ठरलेली वेळ टळली’ यात तीच स्त्रीलिंगी होते, म्हणजे घड्याळातला नेमका क्षण. आणि ‘तीन वेळा सांगितलं’ मध्ये नुसती मोजदाद आहे. फ्रेंचमध्ये या तिन्हींना वेगळे शब्द आहेत: अवधीला ताँ, घड्याळाच्या वेळेला अर, खेपेला फ्वा. गंमत म्हणजे ताँ पुल्लिंगी आणि अर स्त्रीलिंगीच!

इंग्रजी हे सगळं एकाच शब्दावर लादते, म्हणून नवशिका फ्रेंच माणूस ‘व्हॉट अवर इज इट?’ विचारतो. त्याच्या कानात ‘केल अर एतिल?’ घुमत असतं. तिथे ‘अर’ऐवजी ‘ताँ’ घालून आणि क्रियापदही बदलून ‘केल ताँ फेतिल?’ म्हटलं, तर प्रश्न थेट हवामानाचा होतो, कारण ताँ म्हणजे हवापाणीसुद्धा.

ओळखायची एक खूण: टाइममागे आकडा असला की बहुधा फ्वा. ‘थ्री टाइम्स’ म्हणजे त्र्वा फ्वा, गुणाकारातसुद्धा. मात्र ‘हार्ड टाइम्स’मध्ये अनेकवचन असूनही ताँच येतो, कारण तिथे खेपा मोजलेल्या नाहीत, काळ सांगितला आहे. नेपोलियनचा काळ म्हणायचा तर एपॉकही चालतो.

मला सर्वांत आवडते ती ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ची जोडी. पहिलं आ लर, दुसरं आ ताँ. गाडी वेळेवर आली, डॉक्टर वेळेत पोहोचले. फरक आपल्याकडेही अगदी तोच.

आणखी भर: फ्रेंच लोक ‘इट्स द फर्स्ट टाइम आय कम हिअर’ म्हणतात, ते त्यांच्या ‘से ला प्रम्येर फ्वा क झ व्याँ’वरून. फ्रेंचमध्ये इथे वर्तमानकाळ बरोबर आहे, इंग्रजीला मात्र ‘आय हॅव कम’ लागतं. ‘मी इथे पहिल्यांदाच येतोय’ म्हणणारे आपणही नेमके इथेच अडखळतो. त्यामुळे मराठीभाषक शिक्षकाने फ्रेंच विद्यार्थ्याला हे इंग्रजी वाक्य शिकवताना घाई करू नये. शब्द बरोबर निवडला तरी पुढचं क्रियापद चुकतं.