पॅटर्न कधी मिळणार, तिथून उलटं मोजा

प्लॅनिंग म्हणजे एक्सेलमध्ये तारखा भरणं, बाकी सगळं फ्लोअरवरच ठरतं, असं म्हणालात. अर्धं पटलं. कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फौंड्रीत (धातू ओतून पार्ट बनवणारा कारखाना) नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटला असल्यामुळे थोडी भर घालतो.

नवीन कास्टिंगचं ड्रॉइंग आलं की सगळे मेल्टिंगची चर्चा करतात. वेळ जातो तो पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा उठवतात तो नमुना) आणि कोअर बॉक्समध्ये (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवायचा साचा). ग्रे आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, वर मशीनिंगचा अलाउन्स, म्हणजे मशीनवर कापून काढायला ठेवलेली जादा जाडी. तो अलाउन्स मशीनशॉपवाल्याला विचारूनच ठरवायचा, नाहीतर सँपल आल्यावर भांडणं ठरलेली. पहिलं सँपल कापून आत पोकळी राहिली का बघायचं. राहिली तर रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा) बदला, परत ओता. हा फेरा प्लॅनमध्ये पहिल्यापासून धरायचा. सेल्सवाले धरत नाहीत!

पॅटर्न होईपर्यंत गेज (मापं तपासायचं साधन), फिक्स्चर (मशीनवर पार्ट धरायचं साधन) समांतर सुरू करता येतात. त्यांना दोन दिवस उशीर झाला तरी चालतो, पॅटर्नला झाला तर डिलिव्हरीच हलते. क्रिटिकल पाथ म्हणतात तो हाच. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यूपाँटच्या केमिकल प्लँटसाठी ही पद्धत बसवली गेली.

पीपॅप (सँपल आणि कागदपत्रं बघून कस्टमरने पार्टला द्यायची मंजुरी, PPAP) मंजूर झाल्याशिवाय मोठा लॉट ओतू नका, कस्टमर फोनवर कितीही 'करा हो सुरू' म्हणाला तरी. आणि आपली सोमवारची सुट्टी, भोसरीच्या कस्टमरची गुरुवारची. एक्सेलमध्ये हे कुणी घालतं का?