मदत हवी आहे : करार संपल्यानंतरचं भाडं घर सोडून गेलेल्या माणसाला लागू होतं का?

कोल्हापुरात राजारामपुरीत एक फ्लॅट मी आणि माझा मित्र दोघांच्या नावावर ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेतला होता, रजिस्टर्ड आहे, भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. करार मार्चअखेर संपला, मी त्याच दिवशी माझी किल्ली मालकांना दिली आणि व्हॉट्सॲपवर तसा मेसेजपण टाकलाय, त्यांचा 'ओके' आलाय. मित्र मात्र आज जातो उद्या जातो करत मेअखेरपर्यंत तिथंच राहिला, भाडं एक रुपया दिलं नाही आणि आता फोन उचलत नाही.

मालक म्हणतात, करारावर सही दोघांची, तेव्हा पैसे तुम्हीच द्या, आणि तेही डबल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ वाचलं, मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दरानं भरपाई असं त्यात आहेच, त्यामुळं डबलचा वाद नाही. मार्चपर्यंतचं भाडं आणि लाईटबिल क्लिअर आहे, पावत्या आहेत. करारात 'दोघे संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार' असलं वाक्य कुठं नाही, नुसतं 'लायसेन्सी' (घर वापरायला घेणारे) म्हणून दोघांची नावं आहेत. नवीन करार केलेला नाही. मालक माणूस चांगला आहे ओ, भांडायचं नाही, पण सगळं डिपॉझिट त्यातच वळतं करतो म्हणालेत आणि त्यात निम्मे माझे आहेत.

कोर्टकचेरी शक्यतो नको. वकिलाची नोटीस पाठवायची तर मालकांना पाठवू का मित्राला? आणि मुख्य म्हणजे मुदतीत घर सोडलेल्यावर पुढच्या दोन महिन्यांची जबाबदारी कायद्यानं येते का?