मेल सर्व्हर नव्या जागी हलवल्यापासून जीमेलकडे पत्रे जात नाहीत आणि कार्यालयातील थंडरबर्डची जोडणी अधूनमधून नाकारली जाते

प्रश्न

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन लिनक्सवर पत्रांची ने-आण करणारे पोस्टफिक्स आणि पत्रपेट्या सांभाळणारे डव्हकॉट, जोडीला वेबमेलसाठी राउंडक्यूब आणि वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्या पत्त्यांवर बंदी घालणारे फेलटूबॅन, अशी साधी मांडणी आहे. जुन्या सर्व्हरची मुदत संपत आल्यामुळे सर्व काही दुसऱ्या कंपनीच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर हलवले, डीएनएसमधील (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतील) नोंदी बदलल्या, आणि तेव्हापासून दोन अडचणी उभ्या राहिल्या आहेत.

पहिली अडचण अशी की बाहेरून येणारी पत्रे व्यवस्थित येतात, परंतु सभासदांना पुस्तक परत करण्याची आठवण देणारी पत्रे रांगेतच अडकतात. यांतील बहुतेक पत्ते जीमेलचे आहेत. लॉगमध्ये गूगलच्या सर्व्हरचे नाव, पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांना पत्रे देतात तो मार्ग) आणि पुढे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ एवढेच दिसते.

दुसरी अडचण वाचनालयाच्या आतली आहे. तेथील संगणकांवर थंडरबर्ड हा मेल वाचण्याचा प्रोग्राम काही वेळ नीट चालतो, मग अचानक सर्व्हरने जोडणी नाकारल्याचा संदेश येतो. थोड्या वेळाने ते आपोआप सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे त्याच वेळी त्याच संगणकावर वेबमेल उघडते आणि मोबाइल डेटावर असलेल्या फोनमधील मेलही चालतो. लेट्स एन्क्रिप्टचे सुरक्षा प्रमाणपत्र नवे आहे. पत्रे पाठवण्याचा पोर्ट ५८७ आणि वाचण्याचा ९९३ बाहेरून उघडे दिसतात. निदान होईपर्यंत फायरवॉल पूर्ण बंद करून पाहावी का?

पहिले उत्तर

फायरवॉल कृपया बंद करू नका. पहिल्या अडचणीवर त्याचा काही परिणाम होणार नाही. दुसरी मात्र तेवढ्यापुरती नाहीशी होईल आणि मूळ कारण हाती लागणार नाही.

या दोन त्रुटी वेगवेगळ्या आहेत, हे त्यांच्या शब्दांवरूनच कळते. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे आपण पाठवलेल्या पॅकेटला कोणीच उत्तर दिले नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे उत्तर आले आणि ते नकाराचे होते. पहिल्या प्रकारात पॅकेट वाटेत कोठेतरी गिळले जात असते, तर दुसऱ्या प्रकारात समोरच्या यंत्राने, किंवा त्याच्या पुढे उभ्या असलेल्या फायरवॉलने, ते पाहून परत धाडलेले असते. मी येथे फक्त पहिल्या प्रकाराबद्दल लिहितो.

पत्रे येतात पण जात नाहीत, याचे सर्वांत संभवनीय कारण म्हणजे नव्या कंपनीने बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवलेला असणे. स्पॅमला आळा घालण्यासाठी अनेक कंपन्या तो मुळातच बंद ठेवतात. ॲमेझॉनच्या ईसी२ या व्हर्च्युअल सर्व्हर सेवेतही तो अर्ज केल्यावरच खुला होतो. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाहतूक यांचे नियम स्वतंत्र असल्यामुळे आपल्याला एकच बाजू बंद दिसते. खात्री करण्यासाठी सर्व्हरवर लॉगिन करून नेटकॅट या जोडणी तपासण्याच्या साधनाने गूगलच्या मेल सर्व्हरचा पोर्ट २५ उघडून पाहा. वाट मोकळी असेल तर क्षणात २२० ने सुरू होणारी स्वागताची ओळ दिसेल. काहीच न दिसता वेळ संपली, तर आणखी एक-दोन वेगळ्या सेवांच्या मेल सर्व्हरवर हीच चाचणी करा आणि त्यानंतर कोणत्याही संकेतस्थळाचा पोर्ट ४४३ तपासा. सगळीकडे २५ गप्प आणि ४४३ चालू असेल, तर पोस्टफिक्सच्या मांडणीत शोधण्यासारखे काही उरत नाही; कंपनीच्या मदत कक्षाकडे तक्रार नोंदवून पोर्ट उघडून घ्यावा लागेल.

पोस्टफिक्स अडकलेले पत्र मूळ मांडणीत ५ दिवस रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो आणि मग ते प्रेषकाकडे परत करतो. कंपनीने नकार दिला किंवा दिरंगाई केली, तर तेवढ्या काळात पोर्ट ५८७ वर पत्रे स्वीकारणारी आणि आपल्या वतीने पुढे पोहोचवणारी एखादी रिले सेवा जोडून घ्या.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. दुसऱ्या अडचणीबाबत माझा अंदाज फेलटूबॅनवर आहे, कारण आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे त्याच्याशी जुळतात.

वाचनालयातील सर्व यंत्रे एकाच ब्रॉडबँड जोडणीवरून बाहेर पडत असतील, तर सर्व्हरला ती सर्व एकाच आयपी पत्त्याची दिसतात. त्यांपैकी एखाद्या यंत्रात जुना पासवर्ड राहिला असेल आणि ते दर काही मिनिटांनी पत्रे तपासत असेल, तर फेलटूबॅन त्या पत्त्यावर, म्हणजे अख्ख्या वाचनालयावर, बंदी घालतो. मूळ मांडणीत १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की १० मिनिटांची बंदी बसते; आपोआप सुरू होणे आणि पुन्हा बंद पडणे हे त्यामुळेच होत असावे. डव्हकॉटसाठीची बंदी फक्त मेलच्या पोर्टांना लागू होते, म्हणून पोर्ट ४४३ वरचे वेबमेल उघडते. फोन मोबाइल डेटावर असताना त्याचा पत्ताच वेगळा असतो.

फेलटूबॅन-क्लायंट या आज्ञेला डव्हकॉटच्या जेलची (त्या सेवेसाठीच्या बंदीच्या नियमसंचाची) स्थिती विचारा. बंदी घातलेल्या पत्त्यांत वाचनालयाचा पत्ता आहे का ते दिसेल. त्यानंतर डव्हकॉटच्या लॉगमध्ये ‘ऑथ फेल्ड’ असलेल्या ओळी पाहा. प्रत्येक ओळीत खात्याचे नाव आणि पुढे ‘आरआयपी’ म्हणून दूरच्या यंत्राचा पत्ता असतो. पत्ता सगळ्यांचा सारखाच निघेल, पण खात्याच्या नावावरून दोषी यंत्रापर्यंत पोहोचता येते.

वाचनालयाचा पत्ता फेलटूबॅनच्या ‘इग्नोअर आयपी’ यादीत, म्हणजे कधीच बंदी न घालायच्या पत्त्यांत, टाकण्याचा सोपा उपाय पुष्कळजण सुचवतात. स्थिर आयपी घेतलेला असेल तर तो करता येईल, परंतु घरगुती प्रकारच्या जोडणीत पत्ता बदलत राहतो आणि आपण दिलेली सूट उद्या एखाद्या परक्याला मिळू शकते. जुना पासवर्ड वापरणारे यंत्र शोधून काढणे हाच मला खरा उपाय वाटतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फेलटूबॅनच्या यादीत वाचनालयाचाच पत्ता होता. लॉगमधील सर्व फसलेले प्रयत्न देवघेव विभागाच्या खात्यावर होते. त्या विभागातील एका जुन्या टॅबलेटवर पूर्वीचा पासवर्ड तसाच राहिला होता. तो बदलल्यापासून थंडरबर्ड एकदाही अडलेले नाही.

पोर्ट २५ बाबतही अंदाज बरोबर ठरला. कंपनीने सर्व्हरचा उपयोग विचारला आणि पोर्ट उघडून दिला. आता मात्र नवीनच प्रकार दिसतो: जीमेलकडे जाणारी काही पत्रे पोहोचतात आणि काही ५५० क्रमांकाच्या त्रुटीसह तत्काळ परत येतात. त्या संदेशात आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) आणि पीटीआर (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या) नोंदींचा उल्लेख आहे. पत्रांचा मजकूर सारखाच असताना असे का व्हावे?

पहिल्या उत्तरकर्त्याचे पुढील उत्तर

समोरच्या सर्व्हरने कारण सांगून पत्र नाकारले, याचा अर्थ जोडणीचा प्रश्न सुटला आहे. आता प्रश्न ओळख पटवण्याचा आहे.

आपल्या सर्व्हरला जुन्या पद्धतीचा आयपीव्ही४ आणि नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते असावेत. पोस्टफिक्स मूळ मांडणीत या दोहोंपैकी कोणत्याही एकाला प्राधान्य देत नाही, त्यामुळे एक पत्र एका वाटेने तर दुसरे दुसऱ्या वाटेने जाते. आयपीव्ही४ च्या पत्त्याला पीटीआर नोंद असेल आणि आयपीव्ही६ ला नसेल, तर आपल्याला दिसतो तसाच परिणाम होतो.

पीटीआर नोंद आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये करता येत नाही. ज्या कंपनीच्या मालकीचा तो पत्ता आहे, तिच्या नियंत्रण पटलावर ती करावी लागते. पत्त्यावरून जे नाव निघेल, त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता निघाला पाहिजे, आणि पोस्टफिक्सच्या ‘मायहोस्टनेम’ या सर्व्हरच्या नावाच्या सेटिंगमध्येही तेच नाव असू द्या. आपल्या डोमेनची पत्रे कोणत्या पत्त्यांवरून येऊ शकतात हे सांगणारी एसपीएफ नोंदही याच वेळी तपासा. तिच्यात केवळ ‘एमएक्स’ (म्हणजे डोमेनचा मेल सर्व्हर) लिहिलेले असेल आणि मेल सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही६ पत्ता सांगणारी ‘एएएए’ नोंदच नसेल, तर आयपीव्ही६ वरून जाणारी पत्रे एसपीएफमध्येही नापास होतील.

हे होईपर्यंत पोस्टफिक्सचे ‘इनेट प्रोटोकॉल्स’ हे सेटिंग फक्त आयपीव्ही४ वर ठेवता येईल; मात्र हा बदल लागू होण्यासाठी पोस्टफिक्स थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो, नुसता रीलोड पुरत नाही. जी पत्रे ५५० ने परत आली आहेत ती रांगेत शिल्लक नसतात, म्हणून त्या सभासदांना स्मरणपत्रे नव्याने पाठवावी लागतील.