श्रीमंत माणूस मत देताना नेमकं काय बघतो?

कोरी_पाटी

बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, जाणकारांनी उलगडून सांगावा.

ज्याच्याकडे पैसा आहे तो कर कमी करणाऱ्या पक्षाला मत देणार, हे सरळ गणित मी धरून चाललो होतो. आकडे बघायला बसलो आणि गणित फसलं. अमेरिकेत २०१२ च्या एक्झिट पोलमध्ये वर्षाला एक लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या गटात रिपब्लिकन रॉम्नी ५४ टक्के आणि डेमोक्रॅट ओबामा ४४. ठीक. पण २०२४ मध्ये त्याच गटात हॅरिस थोड्या का होईना, पुढे आणि ट्रम्प मागे. श्रीमंतांवर कर वाढवू म्हणणाऱ्या बाईंना श्रीमंतांची मतं? तिकडे लंडनमध्ये केन्सिंग्टनसारखा महागडा मतदारसंघ २०१७ मध्ये डाव्या मजूर पक्षाने २० मतांनी घेतला.

मग श्रीमंत लोक एका पक्षाला सोडून दुसऱ्याला का धरतात? खिसा बघून, की आणखी काही बघून? कृपया 'आमचा पक्ष, तुमचा पक्ष' नको. त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहतायत.

---

तिरकी_रेघ

खरा श्रीमंत मत देतच नाही, देणगी देतो. तीही दोघांना. बाकी चालू द्या.

---

दारावरची_बेल

कोरी पाटी, प्रश्न चांगला आहे, पण त्यातला 'श्रीमंत' आधी नीट धरू. मी बरीच वर्षं निवडणूक सर्वेक्षणांच्या कामात आहे. सुरुवात प्रश्नावली घेऊन दारं ठोठावण्यापासून केली, त्यामुळे असा तक्ता समोर आला की आधी 'या रकान्यात कोण बसलंय' एवढंच मनात येतं.

उत्पन्नाचा प्रश्न प्रश्नावलीत अगदी शेवटी ठेवतात. आधी विचारला तर माणूस आखडतो आणि पुढची उत्तरंही तुटक येतात. मत कुणाला दिलं हे हसत हसत सांगणारे गृहस्थ 'घरात एकूण किती येतात' म्हटलं की 'ते सोडा हो' म्हणतात. म्हणून आम्ही आकडा विचारतच नाही. एक कार्ड पुढे धरतो, त्यावर अ, ब, क, ड असे गट छापलेले असतात आणि माणसाने फक्त अक्षर सांगायचं असतं. तरीही काही जण कार्डाकडे बघतात, मग बायकोकडे बघतात आणि एक पायरी खालचं अक्षर सांगतात. आणि ज्याला तुम्ही-आम्ही गडगंज म्हणू, त्याच्यापर्यंत कार्ड पोचतच नाही. फाटकावरूनच निरोप येतो, साहेब कामात आहेत.

तर सर्वेक्षणातला 'सर्वांत वरचा गट' म्हणजे बहुतेक वेळा चांगल्या पगाराची माणसं. अमेरिकेतला तो एक लाखाचा रकाना घ्या. तिथे विचारतात ते अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न. नवरा-बायको दोघेही परिचारिका असतील तर ते जोडपं सहज त्या रकान्यात जातं, आणि तीन कारखान्यांचा मालकही तिथेच. वर डेमोक्रॅट पक्षाने वचन काय दिलं होतं? चार लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या कुणाचा कर वाढवणार नाही. म्हणजे तुमच्या रकान्यातल्या बहुतेकांच्या खिशाला हात लागणारच नव्हता. उलट रिपब्लिकनांच्या २०१७ च्या करकायद्याने राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर दहा हजार डॉलरची मर्यादा घातली. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा जास्त कराच्या राज्यांत घर असलेल्या सुखवस्तू लोकांना ती चांगलीच बोचली. 'कर कमी करणारा पक्ष' सगळ्या पैसेवाल्यांसाठी एकच असतो, हेच मुळात खरं नाही.

केन्सिंग्टनचं वेगळं. ज्या ग्रेनफेल टॉवरला त्या निकालानंतर आठवडाभरात आग लागली, तो याच मतदारसंघात. एका टोकाला जगातली महागडी घरं, दुसऱ्या टोकाला सरकारी भाड्याच्या इमारती. मतदारसंघाची सरासरी श्रीमंत निघाली म्हणून मजूर पक्षाला मतं टाकणारे श्रीमंतच होते असं कसं म्हणणार? अँड्र्यू गेलमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हाच घोळ अमेरिकेच्या पातळीवर उकलून दाखवलाय. श्रीमंत राज्यं डेमोक्रॅटांकडे झुकतात, पण राज्याच्या आत शिरून बघितलं तर जास्त पैसेवाला माणूस रिपब्लिकनांकडे. त्यातही मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात श्रीमंत-गरिबांच्या मतांतली दरी मोठी, कनेक्टिकटसारख्या श्रीमंत राज्यात ती अगदी थोडी. हे त्याने २००८ च्या आसपास मांडलं, त्यानंतर पाणी पुढे गेलंय. पण नकाशाचा रंग बघून माणसाचं मत ओळखायचं नाही, हा धडा अजून लागू आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, खिसा की आणखी काही. माझं मत असं की पैसा किती आहे यापेक्षा तो कुठून येतो आणि कोण हिरावू शकतो, हे बघावं. पगारदार तज्ज्ञ, डॉक्टर, प्राध्यापक, संगणकवाले यांचं भांडवल म्हणजे पदवी. सरकार ती काढून घेऊ शकत नाही. कर दोन टक्के वाढला तर कुरकुर होते, पण झोप उडत नाही, म्हणून पर्यावरण, स्त्रियांचे हक्क, न्यायव्यवस्था अशा गोष्टींवर मत द्यायला त्यांना मोकळीक असते. कारखानदाराचं तसं नाही. कामगार कायदा, आयात शुल्क, विजेचा दर, यातलं काहीही बदललं की त्याचा हिशोब बदलतो. जमीनवाल्याला कमाल जमीन धारणेची आणि वारसा कराची धास्ती. आणि ज्याचा धंदाच सरकारी कंत्राटावर किंवा परवान्यावर उभा आहे, तो विचारधारेच्या भानगडीत पडत नाही, सत्तेत कोण येणार एवढंच बघतो.

अर्थतज्ज्ञ थोमा पिकेटी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २१ पाश्चात्त्य लोकशाही देशांतली १९४८ ते २०२० पर्यंतची सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली. पन्नास-साठच्या दशकांत कमी शिकलेला आणि कमी कमावणारा, दोघेही डावीकडे मत देत. हळूहळू जास्त शिकलेले डावीकडे सरकले, जास्त कमावणारे मात्र बहुतेक देशांत उजवीकडेच राहिले. आता एकाच माणसाकडे मोठी पदवी आणि मोठा पगार दोन्ही असेल तर? ओढाताण. तुमच्या २०२४ च्या तक्त्यात उत्पन्नाच्या जोडीने शिक्षणाचा रकाना बघा, पदवीधरांत हॅरिस ठळक पुढे आहेत आणि पदवी नसलेल्यांत ट्रम्प. लाखाच्या रकान्यात पदवीधरांची गर्दी असते, मग आणखी काय व्हायचं?

---

जमाखर्च

बेलताईंशी बहुतांशी सहमत. मी करसल्ला देतो, त्यामुळे पैसेवाले पक्षांबद्दल काय बोलतात ते रोज कानावर पडतं. 'दर किती' हा प्रश्न ते वर्षातून एकदा विचारतात. 'नियम परत बदलणार का' हा वर्षभर. दहा वर्षांची गुंतवणूक करायची आणि तिसऱ्या वर्षी पाटी बदलायची, याचा त्यांना खरा राग येतो. पाच टक्के जास्त भरायला तयार असलेला माणूस जुन्या व्यवहारांवर मागील तारखेपासून कर म्हटलं की लाल होतो.

दुसरं म्हणजे सगळीकडे पक्ष करावरून वेगळे ओळखू येतातच असं नाही. भारताचंच बघा. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये काँग्रेसच्या सरकारने काढला. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर १९९७ मध्ये ३० टक्क्यांवर आणला तो संयुक्त आघाडीने, ज्यात डावेही होते. संपत्ती कर २०१५ मध्ये भाजपच्या सरकारने रद्द केला. शेअरवरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याला २००४ मध्ये सूट दिली काँग्रेस आघाडीने आणि २०१८ मध्ये तो कर परत आणला भाजपने. यातून 'श्रीमंतांचा पक्ष' शोधून दाखवा पाहू. अशा ठिकाणी श्रीमंत माणूस दुसऱ्याच कसोट्या लावणार. स्थिर सरकार कोण देईल, कुणाकडे आपला शब्द पोचतो, आपले लोक कुठे आहेत.

---

उंबरठा

'आपले लोक कुठे आहेत' हे जमाखर्च यांनी शेवटी टाकलं, मी ते पहिलं ठेवीन. माणूस ज्या बैठकीत उठतो-बसतो तिथे जे बोलणं शिष्ट समजतात, तेच तो बोलतो आणि पुढे तसंच मतही देतो. कंपनीच्या वरच्या मजल्यावर एखाद्या पक्षाचं नाव घेतलं की लोक नाक मुरडतात, तर दुसऱ्या गोटात त्याच नावावर टाळ्या. पैसा दोन्हीकडे सारखाच. खिसा, पदवी ही कारणं तुम्ही नंतर चिकटवता. माझ्याच नात्यात दोघे भाऊ आहेत, वडिलांचा धंदा निम्मा-निम्मा वाटून घेतलेला, उत्पन्न जवळजवळ एक. एक कट्टर इकडचा, दुसरा कट्टर तिकडचा. मोठ्याने सासरकडचे मित्र धरले, धाकट्याने क्लबातले.

---

दारावरची_बेल

उंबरठा, संगतीचं म्हणणं मान्य. पण ओढीचा जोर किती ते कधी कळतं? खिशाला धोका नसलेली तिसरी वाट समोर येते तेव्हा. ऑस्ट्रेलियाची २०२२ ची निवडणूक बघा. सिडनी, मेलबर्नमधले श्रीमंत मतदारसंघ पिढ्यान्‌पिढ्या लिबरल पक्षाचे, म्हणजे तिथल्या उजव्यांचे. हवामान बदलावरचं धोरण, भ्रष्टाचाराची चौकशी करणारा आयोग, पक्षातली स्त्रियांशी वागणूक, या गोष्टींवर तिथला मतदार कुरकुरत होता, पण मजूर पक्षाला मत द्यायला हात धजत नव्हता. मग अपक्ष उमेदवार उभ्या राहिल्या, बहुतेक स्त्रिया, स्वतः डॉक्टर, उद्योजक, पत्रकार. संगत तीच, बोलणं तेच आणि संपत्तीवर हात टाकण्याची भाषा नाही. लिबरल पक्षाचे संस्थापक मेन्झीस यांचा जुना कूयाँग मतदारसंघ गेला, तोही चक्क अर्थमंत्री फ्रायडेनबर्ग उभे असताना. वेंटवर्थ गेला, नॉर्थ सिडनी गेला. आधीच्या निवडणुकांत हीच माणसं 'पक्के लिबरल' म्हणून आमच्यासारख्यांच्या तक्त्यांत नोंदलेली होती.

पॅरिसच्या श्रीमंत सोळाव्या विभागातही तेच. २०१७ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या पहिल्या फेरीत तिथे उजवे फियों दणदणीत पुढे. मध्यममार्गी माक्रों सत्तेत आले, २०१८ पासून त्यांनी सरसकट संपत्ती कर काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला आणि २०२२ च्या पहिल्या फेरीत त्याच विभागात माक्रों पहिले. फियोंच्या जुन्या पक्षाची तिथे धूळधाण.

आणि तिरकी रेघ यांच्या देणगीबद्दल. १९५९ मध्ये राजाजी आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला तो परवाना राजच्या विरोधात, उद्योगपतींच्या मनातलंच बोलणारा. मग सगळा पैसा तिकडे जायला हवा होता. जे. आर. डी. टाटांनी १९६१ मध्ये नेहरूंना कळवलं की काँग्रेसला देतोच आहोत, स्वतंत्रलाही देणार. एवढं उघडपणे सांगण्याची हिंमत बाकी फार जणांत नव्हती, कारण परवाना देणारी सही काँग्रेसच्या मंत्र्याची. स्वतंत्र पक्ष १९६७ मध्ये ४४ जागांपर्यंत पोचला आणि १९७४ मध्ये दुसऱ्या पक्षात विलीन झाला. पटणं आणि परवडणं यांत त्या काळच्या बऱ्याच उद्योगपतींनी परवडणं निवडलं.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, बरीच जळमटं निघाली. एक उपप्रश्न. खरे धनाढ्य तर मूठभर. त्यांची मतं मोजली तर एखादा वॉर्डही जिंकता येणार नाही. मग सगळेच पक्ष त्यांच्या नाराजीला एवढे का दचकतात? नुसत्या देणगीमुळे?

---

दारावरची_बेल

देणगी आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वमत झालं. पाच कोटी फ्रँकच्या वरच्या वारशावर ५० टक्के कर, पैसा हवामानाच्या कामासाठी. हा कर देशातल्या अगदी थोड्या घराण्यांना लागला असता. तरी ७८ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. २०१५ मध्ये वीस लाख फ्रँकच्या वरच्या वारशावर २० टक्क्यांचा प्रस्ताव आला होता, तोही ७१ टक्क्यांनी पडला. प्रचारातला मुद्दा असा की ही माणसं देश सोडून जातील, ती आज भरतात तो करही जाईल आणि खड्डा तुम्हाला भरावा लागेल. कारकुनाला, शेतकऱ्याला ते पटलं. धनाढ्यांच्या मतांची तिथे गरजच पडली नाही.

दुसरी बाजूही आहे. नॉर्वेने २०२२ मध्ये संपत्ती कर वाढवला आणि रोक्के यांच्यासारखे बडे उद्योगपती खरोखरच उठून स्वित्झर्लंडला गेले. २०२५ ची निवडणूक बऱ्याच अंशी याच करावर लढली गेली. त्यात कर ठेवू म्हणणारा मजूर पक्षच सत्तेत राहिला. म्हणजे जाण्याची धमकी एका देशात चालली, दुसऱ्यात नाही, आणि तिथे तर लोक प्रत्यक्ष गेलेले असताना. का, यावर वेगळा धागा काढा. मी येते तिकडे, पण आठवड्याने. सध्या एका सर्वेक्षणाचे तक्ते समोर पडलेत आणि वरच्या उत्पन्न गटात नेहमीप्रमाणे निम्म्या जणांनी 'सांगू इच्छित नाही' लिहिलंय.

---

तिरकी_रेघ

निम्म्यांनी लिहिलं तरी. आमच्या साहेबांनी बेलच बंद करून ठेवलीय.